दोष सांगावा, माया सांगू नये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षी दत्तजयंतीला मी पुणतांब्याच्या आमच्या घरात गुरुचरित्राचे शेवटचे पारायण केले. शेवटचे म्हणजे त्या घरातले शेवटचे. समाप्तीचा नैवेद्य झाला आणि पुढच्या आठवड्यापासून घर गिऱ्हाइकांना दाखवायला सुरुवात केली. या अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा वाटले, आपल्याजवळ लिहिण्यासारखे आहे काय? साक्षात्कार नाही, मोठा अनुभव नाही. चौतीस वर्षे बँकेत खतावणी आणि कॅश सांभाळलेला मी साधा माणूस. पण घर विकताना एक प्रश्न पडला. त्याने मला पुष्कळ रात्री झोपू दिले नाही, आणि त्याचे उत्तर शोधताना मी फिरून फिरून महाराजांच्या पायाशीच येऊन बसलो. तोच प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. घर विकायला काढताना ते नीटनेटके करणे कुठे संपते आणि समोरच्याला फसवणे कुठे सुरू होते?

पुणतांबा हे राहाता तालुक्यातले गोदाकाठचे गाव. दौंड-मनमाड रेल्वेने जाणाऱ्यांना ते शिर्डीच्या फाट्याचे जंक्शन म्हणून ठाऊक असते. २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांच्या संपामुळे त्याचे नाव सगळीकडे गेले. आम्हा गावकऱ्यांना मात्र ते चांगदेव महाराजांच्या समाधीचे गाव. आमचे घर गावठाणात. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुने मातीचे घर पाडून १९६८ साली दगड-विटांचे बांधले. पुढे ओसरी, मधे माजघर, एका अंगाला स्वयंपाकघर आणि मागे परस. परसात औदुंबर आणि त्याच्याजवळ आड. पुढे आमच्याकडे नळ आला आणि आडाचे पाणी कुणी ओढेना. १९८३ साली दादांनी आड बुजवला आणि त्या जागेवर आणखी एक खोली काढली. तिला आम्ही नुसते 'मागची खोली' म्हणायचो.

घर विकायचे का, याचे कारण फार मोठे नाही. मुलगा पुण्यात, आमच्या दोघांचेही गुडघे धरलेले, दवाखाना पुण्यातलाच. वर्षातले आठ-नऊ महिने घराला कुलूप. बंद घराला वाळवी आधी लागते आणि माणसे नंतर विसरतात. अक्काचा, माझ्या बहिणीचा, घरात निम्मा हिस्सा. तीही म्हणाली, "आपण दोघं आहोत तोवर करून टाकू. पोरांच्या गळ्यात भांडण नको."

मध्यस्थ गावातलाच, माझ्याच शाखेतला एकेकाळचा खातेदार. त्याने घर फिरून पाहिले आणि कामांची यादीच सांगितली. "नाना, पहिलं म्हणजे अडगळ काढा. मोकळं घर मोठं दिसतं. पुढच्या दोन्ही खोल्यांना पुट्टी मारून रंग द्या. नळाची गळती काढा. दिवे पांढरे लावा. भिंतीवरचे गेलेल्या माणसांचे फोटो उतरवा, गिऱ्हाईक बिचकतं. घर सकाळी दहाला दाखवायचं, मागच्या खोलीत तेव्हाच ऊन येतं. आणि त्या खोलीत ती भेग आहे ना खिडकीखाली, तिथं तुमचं ते लोखंडी कपाट सरकवा. बस."

ही यादी त्याने एका दमात सांगितली, एकाच आवाजात. नळाची गळती आणि कपाट, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. मीही ती तशीच वहीत उतरवून घेतली. इतके वर्षांचा कारकून मी, पण दोन नोंदी एकाच खात्यात पडताहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

मग आवराआवर सुरू झाली. त्या कामाला मी वाईट म्हणणार नाही. पाहुणा येणार म्हणून आपण घर झाडतो, सडा घालतो, तसेच ते. उलट ज्या घराने आपल्याला एवढी वर्षे सांभाळले त्याची अखेरची सेवा आपल्या हातून होते. माळ्यावरून तांब्याचा बंब, आईचे जाते, शेर-पायलीची मापे, चार फुटक्या काचांचे कंदील असे एकेक उतरले. मोडीत द्यायचे ते मोडीत दिले. आणि एका ट्रंकेत दादांच्या हिशोबाच्या वह्या सापडल्या.

दादा शेती करत, पण हिशोब असा ठेवत की आमचे ऑडिटरही मान डोलावतील. १९८३ च्या वहीत आड बुजवल्याचा खर्च होता. मुरूम अकरा गाड्या, मजुरी, भाडे. त्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: 'मुरूम कमी पडला. खाली जुने लाकूड, पाला टाकला. पुढे पाहू.'

ती ओळ वाचून मी त्या ट्रंकेवरच बसलो. मागच्या खोलीची शहाबादी फरशी दर पावसाळ्यात बोटभर खचते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत भेग पडते, हे आम्हाला चाळीस वर्षे ठाऊक होते. जुने आठ आण्याचे नाणे आरपार जाईल एवढी ती भेग. दादा दर दिवाळीला तिच्यात सिमेंट भरत, त्यांच्या मागे मी भरत आलो. श्रावणात ती पुन्हा उघडायची. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे असे होते, अशी आम्ही आमची समजूत घातली होती. खरे कारण दादांनी स्वतःच लिहून ठेवले होते.

बँकेत एक सस्पेन्स खाते असते. दिवसअखेर ताळमेळ लागला नाही, फरकाचे कारण सापडले नाही, तर तो फरक तात्पुरता त्या खात्यात टाकतात. पण नियम असा की ती रक्कम तिथे पडून राहता कामा नये. शोधून काढायची आणि ज्याची त्याच्या खात्यात घालायची. आमची मागची खोली हे चाळीस वर्षांचे सस्पेन्स खाते होते.

तरीसुद्धा पहिले गिऱ्हाईक आले त्या दिवशी कपाट भेगेपुढेच होते. मीच ते सरकवले होते.

ते एक तरुण जोडपे होते. शिर्डीला त्यांचे छोटे दुकान, दोन लहान मुले, गावाकडची म्हातारी आई. घर त्यांना आवडले. मागच्या खोलीत सकाळचे ऊन आले होते. ती मुलगी नवऱ्याला म्हणाली, "ही खोली आईंना देऊ. ऊन चांगलं आहे, शिवाय परसात जायला एक पायरी." मग तो मला म्हणाला, "काका, घर मजबूत आहे ना?"

मी म्हणालो, "आमच्या दादांनी बांधलंय."

या वाक्यात एक अक्षर खोटे नाही. आणि आयुष्यात मी याहून मोठे खोटे बोललो असेन असे मला वाटत नाही.

त्या रात्री झोप आली नाही. संत एकनाथांची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींनी नाथांना हिशोबाचे काम दिले होते. एके दिवशी एका पैचा फरक आला. नाथ रात्रभर दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. दत्तप्रभूंचे परमभक्त असलेले जनार्दनस्वामी जागे होते. ते म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, तर या संसाराच्या हिशोबातली मोठी चूक सापडल्यावर केवढा होईल! बँकेत नव्या लेखनिकांना मी ही गोष्ट हमखास सांगायचो. त्या रात्री मात्र ती मलाच टोचली. नाथांनी चूक सापडली म्हणून टाळी वाजवली. मला चूक सापडली होती, आणि मी तिच्यापुढे कपाट सरकवले होते.

मुलाला फोनवर सांगितले. तो रागावला नाही, पण त्याने शांतपणे जे सांगितले ते सोडून देण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, "नाना, त्याला डोळे आहेत. इंजिनिअर आणून तो तपासू शकतो. घेणाऱ्यानंच बघून घ्यायचं असतं. भाजीवाला सडका टोमॅटो आपणहून दाखवतो का? आणि दुसरं, राग मानू नका. त्या पैशातून माझ्या फ्लॅटचं कर्ज कमी व्हायचंय. तुमचा खरेपणा माझ्या हप्त्यावर पडणार."

यातल्या दुसऱ्या मुद्द्याकडे मी पुढे येतो. आधी पहिला. बी. कॉम.ला आम्हाला व्यापारी कायदे होते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले घोड्याचे उदाहरण माझ्या अजून लक्षात आहे. लिलावात एकाने सदोष घोडा विकला आणि तो गप्प राहिला, तर नुसते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे, असे कायदा म्हणतो. परीक्षेत इथपर्यंत लिहून आम्ही मोकळे व्हायचो. पण त्याच कलमात पुढेही उदाहरणे आहेत. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच त्याने सांगायला हवे. आणि घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी समजेन', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्याइतकेच. 'घर मजबूत आहे ना?' हा प्रश्न नेमका तोच होता.

शिवाय घर म्हणजे घोडाही नव्हे, टोमॅटोही नव्हे. स्थावराला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याचे पहिले कर्तव्यच असे की, मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष आपल्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही जो त्याच्या ध्यानात येणार नाही, तो त्याला सांगितला पाहिजे. न सांगणे हे कपट ठरते. भेग एक वेळ दिसेल, पण फरशीखाली बुजवलेला आड आहे हे कोण ओळखणार? गृहकर्जाच्या टेबलावर बसून मी किती मिळकतींचे शोध अहवाल आणि मूल्यांकनाचे कागद पाहिले असतील. त्या कागदांत आड कधीच दिसत नाही. तो घरच्यांनाच ठाऊक असतो.

माझे एक ग्रंथपाल मित्र आहेत. त्यांच्याशी बोलताना कळले की हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्येही झाला आहे. सिसेरो नावाच्या पंडिताने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणाऱ्याचेच उदाहरण आहे. घराचे लाकूड खराब, खोल्याखोल्यांतून साप निघतात, पण हे मालकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावे की नाही? एक तत्त्ववेत्ता म्हणतो, घ्या म्हणून कुणी सक्ती केली आहे का? रोगट घर विकणे आहे अशी दवंडी पिटायची का? दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे पाप, आणि हे तर जाणून-बुजून माणसाला चुकीच्या वाटेला लावणे झाले. सिसेरोने कौल दिला तो सांगण्याच्या बाजूने. वाचून मला गंमत वाटली. तिथेही बाप मुलाला समजावत होता.

म्हणजे कायदा कळला, पंडितांचे मत कळले, नाथांची गोष्ट तर पाठच होती. तरी फोन उचलायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्या जोडप्याला पुन्हा बोलावले, त्यांच्यासमोर कपाट सरकवले, दादांची वही दाखवली. तो मुलगा बराच वेळ भेगेकडे पाहत राहिला. म्हणाला, "काका, भेगेचं काही नाही. दुरुस्त झाली असती. पण तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत. आता अजून काय काय असेल, असं वाटत राहणार." ते गेले आणि परत आले नाहीत.

यातून मला एक गोष्ट कळली, ती पुस्तकात नव्हती. खरे उशिरा सांगितले तर ते खरेच असते, पण त्याची किंमत उरत नाही. चार दिवस शिळे झालेले खरे समोरच्याला नव्या शंकेसारखे लागते. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांच्या जागी मीही गेलो असतो.

मग मी यादी पुन्हा काढली आणि तिच्या दोन याद्या केल्या. अडगळ काढणे, गळती थांबवणे, झाडणे, धुणे, रंग देणे या एका बाजूला. भेगेपुढचे कपाट आणि तिच्यात वरवर भरायची पुट्टी या दुसऱ्या बाजूला. कसोटी साधी सापडली. जे काम करताना गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहिले तरी हात थांबणार नाही, ते काम घर सजवण्याचे. ज्या कामाला त्याच्या येण्याआधी उरकण्याची घाई होते, ते काम झाकण्याचे. नळ दुरुस्त करताना तो आला असता तर मी म्हणालो असतो, या, बसा. कपाट सरकवताना आला असता तर मी कपाट सोडून दिले असते.

पण त्याहून खोलवरची एक गोष्ट राहिली होती. मी स्वतःला विचारले, तू गप्प का राहिलास? पैशासाठी? इंजिनिअरने दुरुस्तीचा अंदाज एक लाख ऐंशी हजार दिला होता. तेवढ्यासाठी खोटे बोलणारा मी नाही. कॅशमध्ये एका नोटेचा फरक आला तर खिशातून भरलेले दिवस मला आठवतात. मग कशासाठी? त्याचे उत्तर अक्काने दिले. तिला वहीतली ओळ वाचून दाखवली तर ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. आड बुजवू नका म्हणून आई रडली होती. दादांनी ऐकलं नाही. आई त्या खोलीत कधी झोपली नाही, आठवतं का तुला?"

मला आठवले. आणि हेही उमगले की मी भेग झाकत नव्हतो, दादांची चूक झाकत होतो. 'आमच्या दादांनी बांधलंय' हे वाक्य त्या मुलासाठी नव्हतेच, ते मी मलाच सांगत होतो. घराला दोष आहे हे बोलायचे म्हणजे परक्या माणसासमोर बापाची तक्रार करायची, असे माझ्या मनाने घेतले होते.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू अशी आपली श्रद्धा. त्यात कपोत आहे. पिलांच्या मायेने वेडा होऊन तो स्वतःच जाळ्यात शिरतो. त्यात साप आहे, तो स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो आणि निघून जातो. आणि कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा आहे तोवर इतर पक्षी त्याला टोचतात, तुकडा टाकला की तो सुखी होतो. पारायणात, प्रवचनात हे सगळे शेकडो वेळा ऐकले होते. पण तोवर मला वाटायचे की घर हा तो तुकडा आहे, आणि घर विकले की सुटलो. तसे नसते. घर विकता येते आणि तुकडा चोचीतच राहतो. माझ्या चोचीत घर नव्हते, 'आमच्या घरात दोष नाही' हे होते. ते टाकल्याशिवाय खरेदीखतावर सही करूनही मी त्या मागच्या खोलीतच राहिलो असतो.

दुसरे गिऱ्हाईक माघात आले. या वेळी कपाट आधीच मोडीत गेले होते. ओसरीत बसल्या बसल्या, पाणी पुढे करायच्याही आधी मी सांगून टाकले: "घर चांगलं आहे, पण मागची खोली बुजवलेल्या आडावर आहे. भराव कमी पडलेला आहे. फरशी खचते, भेग पडते. हा दुरुस्तीचा अंदाज." बोलताना आवाज थोडा कापला हे खरे. तो गृहस्थ माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, "नाना, घर विकायला काढलंय का परत घ्यायला?" मग त्याने रीतसर घासाघीस केली. मध्यस्थाने बावीस लाख धरले होते, व्यवहार साडेएकोणीसला ठरला. दुरुस्तीच्या अंदाजापेक्षा जास्तच तुटले. खरे बोलल्यावर देव किंमत भरून देतो असे मी लिहिले तर ते आणखी एक कपाट होईल. मला अडीच लाखांचा तोटा झाला.

आता मुलाचा दुसरा मुद्दा. 'तुमचा खरेपणा माझ्या हप्त्यावर.' हा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. आपण खरे बोलायचे, मान आपल्याला मिळायचा आणि झळ दुसऱ्याला लागायची, हा धर्म नव्हे. अक्काचा निम्मा हिस्सा मी बावीस लाखांच्या हिशोबाने दिला. ती नको म्हणाली, पण मी ऐकले नाही. मुलाला जी रक्कम कबूल केली होती ती पुरी केली. तूट माझ्या मुदत ठेवीतून गेली. मंडळींना विचारले तेव्हा ती म्हणाली, "अहो, मोडा. झोप तरी येईल तुम्हाला." म्हणून मी एवढेच म्हणेन की खरेपणाचा खर्च ज्याने खरेपणा करायचे ठरवले त्याने आधी उचलावा. ज्यांना हे झेपण्यासारखे नाही, ज्यांचे सगळे आयुष्य त्या एका व्यवहारावर टांगलेले आहे, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. माझ्याजवळ मुदत ठेव होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण औदुंबर राहिला. पन्नास वर्षे त्याला प्रदक्षिणा घातल्या. त्याच्या बुंध्याशी दादांनी दत्ताच्या पादुका बसवल्या होत्या. पादुका आणि देव्हाऱ्यातले देव आम्ही रीतसर पूजा करून पुण्याला न्यायचे ठरवले. झाड कसे नेणार? वकिलांना म्हणालो, खरेदीखतात एक अट घाला, औदुंबर तोडू नये. ते म्हणाले, "घालतो, पण टिकणार नाही. एकदा पूर्ण मालकी दिली की त्यानं जागा कशी वापरावी हे तुम्हाला ठरवता येत नाही. त्याच कायद्याचं अकरावं कलम बघा."

मग कागदावर नाही तर तोंडी सांगावे, असे मनात आले. या झाडाखाली आमचे असे झाले, तसे झाले, जपा बरे का. शब्द ओठांवर आले होते. पण सांगितले नाही. दोष सांगणे हे कर्तव्य होते, कारण तो दोष त्या माणसाच्या डोक्यावर कोसळणार होता. माझी माया त्याच्या डोक्यावर का लादायची? उद्या त्याला तिथे गाडी लावायला जागा लागली, तर झाड काढताना दर घावाला त्याला माझे शब्द ऐकू यावेत, हे कुठले प्रेम? ते तर घर विकून त्याची किल्ली आपल्या खिशात ठेवणे झाले. बहुतेक माणसे नेमके उलटे करतात, मीही करणार होतो. दोष लपवायचा आणि माया भरभरून सांगायची. इथे आमची आई राहिली, इथे लग्ने झाली, फार भाग्याचे घर आहे. ऐकणाऱ्याला घर दिसतच नाही, आपले आसू दिसतात.

सही झाली त्या दिवशी संध्याकाळी चांगदेव महाराजांच्या समाधीला गेलो. योगबळाने काळाला चुकवत ते चौदाशे वर्षे एकाच देहात राहिले अशी आख्यायिका आहे. देह हेही घरच. एवढी सिद्धी असलेल्या योग्याला ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना सुचला नाही आणि कोरा कागद पाठवावा लागला. मुक्ताबाई त्यावर म्हणाली की हा इतकी वर्षे जगून कोराच राहिला. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट. त्या दिवशी वाटले, पुट्टी मारलेली भिंतही तसा कोरा कागदच. दिसायला स्वच्छ, पण समोरच्याला काही न सांगणारी. शेवटी मुक्ताबाईला गुरू केले, चौदाशे वर्षांचे घर सोडले, आणि योगी आमच्या गोदाकाठी निवांत झाला.

वैशाखात शेजाऱ्यांचा फोन आला. नव्या मालकाने मागची खोली खणायला काढली आहे म्हणाले. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात महाराज गरीब ब्राह्मणाचा घेवड्याचा वेल उपटतात आणि मुळाशी द्रव्याचा हंडा निघतो. मी थट्टेने विचारले, "हंडा निघाला का?" ते म्हणाले, "कसला हंडा! कुजका पाला आणि तुमच्या जुन्या घराची लाकडं निघाली. आता मुरूम चांगला धुमसून भरलाय. खाली बीम टाकतोय तो."

मी म्हटले, "बरं झालं." दादांच्या वहीतली 'पुढे पाहू' ही नोंद चाळीस वर्षांनी वळती झाली. ती दुसऱ्याच्या पैशाने झाली, पण त्याला आधी सांगून झाली.

शेजारी आणखीही काही सांगत होते. औदुंबराचे काय, हे मी विचारले नाही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥